नेव्हिस बेट: बीच आणि इतिहास दोन्ही हवेत त्यांनी कसं जायचं, काय बघायचं

कॅरिबियन म्हटलं की आपली मंडळी बहामाज, जमैका, पुंता काना नाहीतर सरळ क्रूझ बघतात. त्यात वाईट काही नाही, पण ज्यांना गर्दी नकोय, सकाळी पोहायचंय आणि मग जुनी चर्च, दगडी गिरण्या, पडके वाडे बघत निवांत फिरायचंय त्यांना मी एकच नाव सांगते, नेव्हिस. सेंट किट्स अँड नेव्हिस या दोन बेटांच्या देशातलं हे छोटं बेट. क्षेत्रफळ फक्त 93 चौरस किलोमीटर, लोकवस्ती बारा-तेरा हजार, मधोमध 985 मीटर उंच नेव्हिस पीक नावाचा ज्वालामुखीचा डोंगर, त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळ ढग असतो, आणि डोंगराला वळसा घालणारा एक गोल मेन रोड. हा रोड साधारण 33 किलोमीटरचा आहे, म्हणजे न थांबता गेलात तर तासाभरात पूर्ण बेट फिरून होतं, पण न थांबता जायचं नाही हेच मला सांगायचंय.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण सगळा प्लॅन त्यावर ठरतो. इथे बीच वेगळा आणि इतिहास वेगळा असं करू नका, म्हणजे चार दिवस बीच आणि शेवटच्या दिवशी उरकून टाकायचं म्हणून एक म्युझियम, असं नको. उलटं करा. पहिला दिवस चार्ल्सटाउनला, म्हणजे नेव्हिसच्या मुख्य गावाला द्या, मग बीचवर जा. कारण ज्या वाळूत तुम्ही टॉवेल टाकणार ती कोणाच्या मळ्याची होती, तिथून कोणाची साखर जहाजात चढायची आणि ती साखर कोणी पिकवली, हे कळल्यावर तोच बीच वेगळा दिसतो. मला तरी दिसला.

कधी जायचं

डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम असते पण हॉटेलं तेव्हाच सगळ्यात महाग. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त धोक्याचे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बरीच छोटी हॉटेलं, रेस्टॉरंटं बंदच ठेवतात. मे आणि जूनची सुरुवात मला सगळ्यात परवडणारी वाटते, भाव उतरलेले असतात आणि आंबे सुरू झालेले असतात. हो, आंबे! या एवढ्याशा बेटावर आंब्याच्या चाळीसच्या वर जाती आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, रस्त्याच्या कडेला झाडाखाली सडा पडलेला असतो आणि माकडं ते खात बसलेली असतात, आणि जुलैमध्ये मँगो फेस्टिव्हल पण असतो. आंब्यावर जीव असलेल्या माणसाने तारखा त्या हिशोबाने धरायला हरकत नाही, फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्स वादळ कव्हर करणारा घ्या.

जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या सुरुवातीला कल्चुरामा असतो. 1974 पासून चालत आलेला हा उत्सव गुलामगिरी संपल्याच्या दिवसाशी जोडलेला आहे, ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी 1 ऑगस्ट 1834 ला कायद्याने संपली आणि 1838 ला खऱ्या अर्थाने सुटका झाली. त्या दिवसांत बेट शांत नसतं, अजिबात नसतं, परदेशी गेलेले नेव्हिसचे लोक घरी आलेले असतात, रात्रभर गाणी. शांतताच हवी असेल तर हा आठवडा टाळा, लोक कसे जगतात ते बघायचं असेल तर मुद्दाम हाच धरा.

पोचायचं कसं

भारतातून थेट काही नाही. लंडनहून ब्रिटिश एअरवेज अँटिग्वामार्गे सेंट किट्सला जाते, अमेरिकेतून मायामी आणि इतर शहरांतून सेंट किट्सची फ्लाइट मिळते. नेव्हिसला स्वतःचा छोटा एअरपोर्ट आहे, न्यूकासलला, तिथे शेजारच्या बेटांवरून छोटी विमानं येतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिकिटाआधी दोन गोष्टी बघायच्या. एक, सेंट किट्स अँड नेव्हिसचा स्वतःचा नियम, भारतीयांना तिथे बरीच वर्षं आधी व्हिसा न काढता जाता आलंय, पण ऑनलाइन परवानगीचे नियम अलीकडे बदलत राहिलेत म्हणून त्यांच्या सरकारी साइटवर त्या आठवड्यात काय लिहिलंय तेच खरं धरा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ट्रान्झिट. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, लंडनमार्गे जाणार असाल तर युकेचे ट्रान्झिटचे नियम बघा. अमेरिकेत किंवा युकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा भाग सोपा आहे, त्यांनी तर लांबच्या वीकेंडला चार दिवस जोडून सुद्धा जावं.

सेंट किट्सला उतरलात की पुढे बोट. एअरपोर्टवरून टॅक्सीने दहाएक मिनिटांत बासटेअरच्या फेरी टर्मिनलला यायचं, तिथून पॅसेंजर फेरी चार्ल्सटाउनला साधारण पाऊण तासात जाते. टाइमटेबल वारानुसार बदलतं आणि संध्याकाळनंतर फेऱ्या संपतात, म्हणून फ्लाइट उशिराची असेल तर हॉटेलला आधीच मेल करून वॉटर टॅक्सी ठरवा. सेंट किट्सच्या दक्षिण टोकावरून वॉटर टॅक्सीने नेव्हिसचं औआली गाठायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, मधली नॅरोज नावाची खाडी जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. गाड्या नेणारी एक फेरी पण आहे. पण पहिल्यांदा जाताना दिवसा, मोठ्या फेरीने आणि वरच्या डेकवर बसून जा असं मी म्हणेन, डोंगर हळूहळू मोठा होत येतो आणि डोळ्यासमोर किनाऱ्याची आख्खी रेघ उलगडते.

याच पाण्यात 1 ऑगस्ट 1970 ला क्रिस्टेना नावाची फेरी बुडाली. सुट्टीचा दिवस, बोट क्षमतेपेक्षा खूप जास्त भरलेली, 233 माणसं गेली. एवढ्या छोट्या बेटांवर 233 म्हणजे असं घर सापडणं कठीण की ज्यांचं कोणी त्या बोटीत नव्हतं. चार्ल्सटाउनला उतरल्यावर धक्क्याजवळ स्मारक आहे, बॅगा ओढत पुढे जाऊ नका, दोन मिनिटं थांबा.

पहिला दिवस, चार्ल्सटाउन पायी

गाव छोटं आहे, खाली दगडी मजला आणि वर लाकडी असे जुने इमले, भूकंपाच्या अनुभवातून आलेली पद्धत आहे ही. सकाळी लवकर निघा, अकरानंतर ऊन चटके देतं.

आधी अलेक्झांडर हॅमिल्टनचं घर. अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवरचा हॅमिल्टन, अमेरिकेचा पहिला ट्रेझरी सेक्रेटरी, तो इथे जन्मला, 11 जानेवारीला, साल 1755 की 1757 यावर अजून वाद आहे. समुद्राला लागून असलेली इमारत मूळची नाही, जुन्या पायावर 1983 मध्ये परत उभारलेली आहे, आणि आत नेव्हिसच्या इतिहासाचं म्युझियम आहे. हॅमिल्टनपेक्षा मला बेटाचा भाग जास्त आवडला, साखर, गुलामगिरी, मातीची भांडी, रोजचं जगणं. 1983 हेच देशाच्या स्वातंत्र्याचं पण साल. आणि माहीत असावं म्हणून, 1998 मध्ये नेव्हिसने सेंट किट्सपासून वेगळं व्हायचं का यावर मतदान घेतलं, जवळपास 62 टक्के लोक हो म्हणाले पण दोन तृतीयांश लागत होते म्हणून राहिलं. तेव्हा नेव्हिसच्या माणसाला सेंट किट्सचा म्हणू नका.

तिथून चालत ज्यू कबरस्तानात जा. ब्राझीलमधून हाकलले गेलेले सेफार्डिक (मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे) ज्यू सतराव्या शतकात कॅरिबियनमध्ये आले, ऊसाच्या रसापासून साखरेचे दाणे करायची विद्या त्यांच्याबरोबर आली असं मानतात, आणि त्या विद्येवरच हे बेट एकेकाळी ब्रिटिशांच्या सगळ्यात श्रीमंत वसाहतींपैकी एक झालं. थडग्यांवर हिब्रू, पोर्तुगीज आणि इंग्रजी तिन्ही आहेत, सगळ्यात जुनं 1679 चं. आवारात कोणीच नसतं बहुतेक वेळा, गवतात आडवे दगड फक्त.

मग बाजार. इथे जरा वेळ द्या आणि हे माहीत असू द्या की चार्ल्सटाउनात माणसं विकली जायची. शिवाय जानेवारी 1810 मध्ये एडवर्ड हगिन्स नावाच्या मळेवाल्याने आपल्या तीसेक गुलामांना, बायकासुद्धा, या गावाच्या बाजारात भर दिवसा चाबकाने फोडून काढलं, मॅजिस्ट्रेट लोकांच्या समोर. खटला झाला आणि ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. लंडनपर्यंत गाजलं ते प्रकरण. आज तिथे बायका भाजी, ब्रेडफ्रूट, मिरच्या विकत बसलेल्या असतात. भाजी घ्या, बोला त्यांच्याशी.

बोलण्यावरून आठवलं, नेव्हिसमध्ये दुकानात, बसमध्ये, टॅक्सीत शिरताना आधी गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणायचं, मग काम सांगायचं. थेट "हे कितीला" विचारलं तर ते उद्धटपणाचं समजतात. आपण पण कोणाच्या घरी गेल्यावर आधी चौकशी करतोच की. आणि बीचचे कपडे बीचवरच, गावात अंगभर कपडे घाला.

गावाच्या दक्षिणेला थोडं चालत गेलं की बाथ. 1778 मध्ये गरम झऱ्यांवर बांधलेलं बाथ हॉटेल, कॅरिबियनमधल्या पहिल्या हॉटेलांपैकी एक, युरोपातून लोक सांधेदुखीवर उपाय म्हणून इथे यायचे. जुनी दगडी इमारत लांबूनच बघायची, पण खाली ओढ्यात गरम पाण्याची कुंडं आहेत, सगळ्यांना फुकट. गावातले म्हातारे-कोतारे संध्याकाळी पाय सोडून बसतात, तुम्हीही बसा, पाणी चाळीस अंशांच्या वर असतं त्यामुळे एकदम उडी मारू नका आणि लहान मुलांना जपून.

आता बीच

पिनीज बीच सगळ्यात मोठा, चार्ल्सटाउनपासून उत्तरेकडे पाचेक किलोमीटर, नारळाची रांग, वाळू सोनेरी-करडी. पांढरीशुभ्र पावडरसारखी वाळू डोक्यात ठेवून येऊ नका, ज्वालामुखीचं बेट आहे. पाणी शांत असतं, कॅरिबियन समुद्राच्या बाजूला आहे म्हणून. या बीचवर मोठं फोर सीझन्स हॉटेल आहे, 1991 पासून, पण बीच सगळे पब्लिक आहेत, कुठेही जाऊन पोहता येतं, रस्त्याकडून वाट असते. उत्तर-दक्षिण कुठेतरी दहा मिनिटं चालत गेलात की तुम्ही एकटेच.

आता हा पिनी कोण, तर जॉन पिनी, माउंटट्रॅव्हर्स मळ्याचा मालक, मळा बीचच्या वरच्या उतारावर होता आणि त्याचे अवशेष झाडीत अजून आहेत. 1765 मध्ये त्याने पेरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्या दोन बहिणींसकट विकत घेतला. पुढे पिनी साखरेचा पैसा घेऊन ब्रिस्टलला गेला आणि पेरोला नोकर म्हणून सोबत नेलं. ब्रिस्टलमधलं पिनीचं घर आज म्युझियम आहे, आणि 1999 मध्ये ब्रिस्टलच्या बंदरात पादचारी पूल झाला त्याला नाव दिलंय पेरोज ब्रिज. युकेत राहणाऱ्यांना हे दोन्ही टोकांनी बघता येईल, आधी ब्रिस्टल आणि मग इथली वाळू. म्हणूनच म्हणत होते की आधी गाव, मग समुद्र.

औआली बीच छोटा, उथळ आणि लहान मुलांना एकदम बरा, समोर सेंट किट्स दिसतं, स्नॉर्कलिंग-डायव्हिंगची सोय इथूनच. लव्हर्स बीच एअरपोर्टच्या बाजूला, कच्च्या वाटेने उतरायचं, सोयी काही नाहीत आणि माणसंही नाहीत, पण लाटा आणि करंट असतो म्हणून एकटं पोहू नका. इथे कासवं अंडी घालतात, वसंतापासून पुढे सीझनमध्ये रात्री बीचवर टॉर्च मारत फिरू नका, कासव बघायचंच असेल तर तिथल्या कासव जपणाऱ्या लोकांबरोबर जा. पूर्वेचा अटलांटिकचा किनारा बघायला भन्नाट, पोहायला नाही, आणि तिकडे काही महिने सरगॅसमचं तपकिरी शेवाळ ढिगाने येतं त्याचा वास येतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मँचिनीलचं झाड. किनाऱ्यावर असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ, ते खायचं तर नाहीच पण पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली उभंही राहायचं नाही, चीक अंगावर पडला की फोड येतात. काही झाडांवर लाल पट्टा असतो, सगळ्यांवर नसतो, म्हणून ओळखीची नसलेली सावली टाळा. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, मलम जवळ ठेवा.

गाडी घेऊन बेटाभोवती

एक पूर्ण दिवस गाडी घ्या. ड्रायव्हिंग डाव्या बाजूने, आपल्यासारखंच, तिथला तात्पुरता परवाना गाडीवालाच फी घेऊन करून देतो. रस्त्यात शेळ्या, मेंढ्या, गाढवं येणार, हळू चालवा. नको असेल तर टॅक्सीवाला अर्ध्या दिवसाचा आयलंड टूर करतो, भाडं आधी ठरवून घ्या, आणि जुना माणूस मिळाला तर खरंच नशीब, प्रत्येक वळणावर गोष्ट सांगतो.

चार्ल्सटाउनहून दक्षिणेकडे निघालात की फिगट्रीचं सेंट जॉन्स चर्च. इथल्या रजिस्टरमध्ये 11 मार्च 1787 ची नोंद आहे, होरेशिओ नेल्सन आणि फ्रान्सिस निस्बेट यांच्या लग्नाची. पुढे ट्रफाल्गरची समुद्री लढाई गाजवणारा ब्रिटिश नौदलाचा नेल्सन तो हाच, तेव्हा बोरियास जहाजाचा तरुण कॅप्टन. तो अमेरिकन जहाजांचा व्यापार अडवायचा, म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी त्याच्यावर खटले भरले होते, आणि त्याच बेटावरच्या एका श्रीमंत मळेवाल्याच्या भाचीशी त्याचं लग्न झालं, ती विधवा होती, एक मुलगा होता तिला. लग्न चर्चमध्ये नाही, मॉन्टपेलियर मळ्यावर झालं आणि वधूचा हात द्यायला उभा होता प्रिन्स विल्यम, जो पुढे राजा चौथा विल्यम झाला. मॉन्टपेलियरला आता हॉटेल आहे, दुपारच्या जेवणाला जाता येतं.

तसंच गोल्डन रॉक, 1801 मधला मळा, दगडी पवनचक्की आणि सुंदर बाग, आता हॉटेल. राहणं परवडत नसेल तर चहा-जेवणाला जा, संध्याकाळी माकडं येतात. वर्व्हेट माकडं, आफ्रिकेतून जहाजांबरोबर आलेली, शेतकऱ्यांना भयंकर त्रास देतात. पुढे न्यू रिव्हर आणि कोकोनट वॉक, इथे साखरेच्या गिरणीची यंत्रं, बॉयलर, पवनचक्की उघड्यावर गंजत उभी आहेत. तिकीट नाही, गाइड नाही, नुसतं वारं. माझ्या मते बेटावरची सगळ्यात बोलकी जागा हीच आहे, कारण वाडे सजवून हॉटेलं झाली पण काम जिथे झालं ती जागा जशीच्या तशी राहिली.

उत्तरेला न्यूकासलजवळ कॉटल चर्चचे अवशेष. 1824 मध्ये थॉमस कॉटलने आपलं कुटुंब आणि गुलाम एकत्र प्रार्थना करतील म्हणून बांधलं. चर्चला त्याचं रीतसर उद्घाटन करता आलं नाही, कारण असं एकत्र बसणं तेव्हाच्या नियमात बसत नव्हतं. पण त्याला फार महान करू नका, माणसं त्याच्या मालकीचीच होती.

आपल्या लोकांचा पण धागा आहे इथे. 1874 मध्ये सिरिया नावाचं जहाज कलकत्त्याहून तीनशेच्या वर गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर घेऊन नेव्हिसला आलं, ऊसाच्या मळ्यांवर. बहुतेक उत्तर भारतातले, आपल्याकडचे नाहीत. त्रिनिदादसारखी मोठी वस्ती इथे टिकली नाही, पण रोटी मात्र सगळीकडे मिळते.

आणि क्रिकेट! चार्ल्सटाउनच्या मैदानाला एल्क्वेमेडो विलेट पार्क नाव आहे, विलेट म्हणजे लीवर्ड बेटांमधून (नेव्हिस ज्यात येतं तो बेटांचा गट) वेस्ट इंडीजच्या कसोटी संघात आलेला पहिला खेळाडू, 1973 मध्ये. 1974-75 च्या भारत दौऱ्यावर पण होता तो, ज्या दौऱ्यात वानखेडेवर पहिली कसोटी झाली. कीथ आर्थरटन पण नेव्हिसचाच. टॅक्सीत हा विषय काढा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही.

डोंगर, जेवण, पैसे

नेव्हिस पीक चढायचा असेल तर गाइड घ्याच, चिखल, मुळं, दोर धरून चढणं आहे, जाऊन-येऊन चार-पाच तास जातात. ट्रेकची सवय नसेल तर गोल्डन रॉकच्या वरून सोर्स नावाच्या झऱ्यापर्यंतची जंगलातली वाट करा, तेवढीच मजा येते.

जेवणात मासे, लॉब्स्टर, गोट वॉटर म्हणजे बोकडाचा पातळ मसालेदार रस्सा, सॉल्टफिश, जॉनी केक. शाकाहारी लोकांनी राइस अँड पीज, ब्रेडफ्रूट, केळी, आणि रास्ताफारी पंथाच्या लोकांचं आयटल जेवण शोधा, ते बहुतेक वेळा शाकाहारी असतं. तरी रस्सा कशात शिजवलाय हे विचारा, आणि थेपले-चिवडा बॅगेत असू द्या, किराणा आयात असल्याने महाग आहे.

पैसे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला 2.70 हा दर 1976 पासून ठरलेला आहे. अमेरिकन डॉलर चालतात पण सुटे मिळतात ते ईसी. छोट्या नोटा ठेवा, बस आणि बाजारात कार्ड चालत नाही. लष्करी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवा, कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांत सामान्य माणसाला ते घालायला बंदी आहे.

जास्तीचा दिवस असेल तर सकाळच्या फेरीने सेंट किट्सला जाऊन ब्रिमस्टोन हिलचा किल्ला करा, 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, काळ्या दगडाचा, गुलामांनी बांधलेला, 1782 मध्ये फ्रेंचांनी वेढा घालून घेतला होता. गडकिल्ले फिरणाऱ्या माणसाला हा आवडणारच, बुरुजावरून समुद्रात आजूबाजूची बेटं दिसतात. फक्त परतीची शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री शक्यतो सेंट किट्सलाच मुक्काम करा, समुद्र खवळला तर सकाळची बोट रद्द होऊ शकते.